शमीम मॅडमचा रिकामा कप्पा

शमीम मॅडमच्या हाती आलेली कोणतीही पातळ वस्तू फार वेळ सरळ राहत नसे. लग्नाची पत्रिका असो, कॅन्टीनमधला पापड असो की एखाद्या पोराचं ओळखपत्र, त्या ते अंगठ्याने हळूच वाकवायच्या, सोडायच्या आणि परत सरळ होतं का ते डोळे बारीक करून बघायच्या. आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झालो, त्या सकाळी माझ्या नेमणुकीच्या पत्राची हीच गत झाली. मी नवा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून उभा. मॅडमनी पत्र वाचलंच नाही. वाकवलं, सोडलं. ते निम्मं सरळ झालं, निम्मं नाही.

"कागद बरा आहे," त्या म्हणाल्या. "आता तू कसा आहे ते पाहू."

तो निकाल त्यांनी पुढे बरीच वर्षं राखून ठेवला, आणि मीही त्यांना निकाल द्यायची घाई होऊ नये असंच वागत राहिलो.

मॅडमना ही वाकवून बघायची सवय वडिलांकडून आलेली. त्यांचं राजुऱ्यात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. पत्रा विकत घेताना ते कोपरा वाकवून बघायचे आणि लहानग्या शमीमला दाखवायचे. पुढे ही पोरगी पत्र्यावरून दगडावर गेली, एवढाच फरक. मॅडमच्या लेखी माणसांचेही दोनच प्रकार होते. "वाकला आणि सोडल्यावर टण्णकन परत आला, तो अभ्रक. वाकला तो वाकला, दिलेला आकार सोडला नाई, तो ब्रुसाइट." आमच्यातले बहुतेक जण त्यांच्या मते अभ्रक होते. तासाला मान डोलवायची आणि घंटा झाली की होतो तसे.

"आणि मी, मॅडम?" मी एकदा विचारलं.

"तू चुनखडी. जरा आंबट लागलं का फसफसतो."

मी लगेच फसफसलो. म्हणजे त्यांचं निदान बरोबर होतं.

ब्रुसाइट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण या बाईंची गोष्ट त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड नावाचा पदार्थ निसर्गात दगडाच्या रूपात सापडला की त्याला ब्रुसाइट म्हणतात. पांढरा किंवा किंचित हिरवट, मऊ, मोत्यासारखा चमकणारा, आणि पापुद्र्यांचा. बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात काचेचं एक मोठं कपाट होतं. त्यावर मॅडमच्या अक्षरात पाटी होती, 'आपल्या मातीतले'. घुग्घुसकडचा कोळसा, चुनखडी, लोखंडाचा जड दगड, सिरोंच्याकडचं दगड झालेलं झाड, सगळं आपापल्या कप्प्यात बसलेलं. मधोमध एक कप्पा रिकामा. त्यात नुसतं एक कार्ड: 'ब्रुसाइट. सापडण्याचं ठिकाण:' आणि पुढे काही नाही.

हे कार्ड मॅडमनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी लावलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीत ब्रुसाइट कोणाला सापडलेला नव्हता. पण सापडायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डोलोमाइट म्हणजे चुनखडीचा मॅग्नेशियमवाला भाऊ, तो आमच्या दक्षिणेला आहे. त्याला चिरत खालून वितळलेला काळा दगड वर आला, की डोलोमाइट भाजून निघतो, त्यातला वायू उडून जातो आणि मॅग्नेशियमचा कोरडा ऑक्साइड उरतो. पुढे त्यात पाणी झिरपलं की तो पाणी पितो आणि ब्रुसाइट होतो.

"डोलोमाइट आहे. काळा दगड आहे. पाणी तर इतकं आहे का पावसाळ्यात यस्टी बंद पडते," त्या दरवर्षी पहिल्या तासाला हात नाचवत विचारायच्या. "मंग ब्रुसाइट काऊन नाई?"

पोरांना उत्तर माहीत नसायचं. मलाही नसायचं, पण मी सहायक असल्यामुळे गंभीर चेहरा करायचो.

रिकामा कप्पा हा कॉलेजचा कायमचा विनोद होता. एका वर्षी पोरांनी त्यात पोटातल्या आम्लावरच्या औषधाची बाटली ठेवली, ती पांढरी, दुधासारखी. त्यातही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच असतं. मॅडम आल्या, बाटली बघितली, झाकण उघडून एक घोट घेतला आणि तोंड पुसत म्हणाल्या, "पदार्थ तोच. पत्ता चुकीचा." बाटली पर्समध्ये टाकून घरी घेऊन गेल्या. 

प्रात्यक्षिक परीक्षेला नागपूरहून एक साहेब यायचे. खनिजांतला मोठा माणूस, खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल. ते दर वेळी कपाटापाशी थांबायचे.

"मॅडम, तोवर इथे दुसरं काही ठेवा की. रिकामं बरं दिसत नाही."

"घरातला माणूस बाहेर गेला म्हणून त्याच्या खाटेवर भाडेकरू ठेवत नाई साहेब."

"अहो, तो मुळात घरातला आहे कशावरून? या भागात सापडला, तर मी स्वतः येऊन हा कप्पा माझ्या रुमालानं पुसून देईन."

"धुतलेला आणा," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या शिकवण्याबद्दल काय सांगू? ब्रुसाइटची आतली रचना त्यांनी आम्हाला अंगावर शिकवली. अंगावर म्हणजे माझ्या. पटांगणात मला उभं केलं, मी मॅग्नेशियम. माझ्याभोवती सहा पोरं हायड्रॉक्सिल म्हणून. तिघं स्टुलांवर उभी राहून वरून मला धरणार, तिघं खाली बसून पायाला धरणार. इथवर ठीक. पण प्रत्येक हायड्रॉक्सिल एकट्या मॅग्नेशियमचा नसतो, तो तिघांत वाटलेला असतो. म्हणून माझ्या शेजारी आणखी मॅग्नेशियम उभे केले.

"मॅडम, हात दोनच आहेत, मॅग्नेशियम तीन," एक पोरगी स्टुलावरून ओरडली.

"मंग ओढणी कशाले आहे? बांध गाठ!"

गाठी मारल्या. त्या वेळी कॅन्टीनच्या बाजूने कोणीतरी "गरम समोसे" अशी हाक दिली, आणि मी, मॅग्नेशियम, त्या दिशेला एक पाऊल टाकलं. पूर्ण थर माझ्या अंगावर आला. खालच्या ढिगाऱ्यातून मला मॅडमचा आवाज ऐकू आला. त्या आनंदाने टाळ्या वाजवत होत्या. "पाह्यलं? एक हलला तर सगळे आले! थराच्या आत जोड इतका पक्का असते!"

मग थरा-थरांमधलं काय? ते त्यांनी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दाखवलं. गडचिरोलीकडच्या पोरींनी रेला नाच धरला होता. एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफलेली रांग, तिच्यासमोर दुसरी रांग, दोन्ही एकाच तालावर पुढे-मागे. मॅडम पाहुण्यांच्या खुर्चीतून उठल्या आणि माझा खांदा दाबून म्हणाल्या, "रांग तोडून दाखव."

मी उत्साही माणूस. गेलो. रांगेला धक्का देऊन बघितला. पोरींनी मला लय न सोडता बाजूला सारलं आणि मी ढोलवाल्याच्या मांडीवर जाऊन बसलो.

"आता दोन रांगांच्या मधून जा!"

दोन रांगांच्या मधून मी सहज चालत गेलो, कोणी अडवलं नाही.

"हाच ब्रुसाइट," मॅडमनी थेट माइकवर सांगितलं. "रांगेत हातात हात. दोन रांगांच्या मंधात निस्ती हवा नि गाणं. म्हणून तो पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटते!"

त्या दिवशी नाचणाऱ्या पोरींमध्ये सुनंदा मडावी होती. ती पुढे येते, लक्षात ठेवा.

मॅडमच्या निवृत्तीचं वर्ष आलं. कॉलेजची नवी इमारत तयार होत होती. प्राचार्य एक दिवस कपाट बघायला आले. माणूस सज्जन, पण त्यांना मोकळी जागा सहन व्हायची नाही.

"मॅडम, कपाट नव्या इमारतीत नेऊ. पण हा मधला कप्पा काढून तिथे कबड्डीचा कप बसवू म्हणतो. बरोबर मावतो."

मॅडम एरवी ताडकन बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी आधी कार्ड उचललं, वाकवलं, सोडलं. कार्ड जुनं झालं होतं, वाकलेलंच राहिलं.

"मी जायच्या आधी भरला तर?"

"तर प्रश्नच नाही. तुमचा कप्पा तुमच्या नावानं राहील."

"माझ्या नाई सर, ब्रुसाइटच्या."

प्राचार्य गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भोजराज, इतक्या वर्षांत किती पोरं शिकून गेली माझ्याकडून. त्यायले मी काय सांगितलं? का अभ्यास करा, विचार करा, आणि जे असायले पाहिजे ते शोधा. आता तिथी कप ठेवला तर पोरं म्हणतील, बाई निस्ती बोलत होती." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी चुनखडी असूनही त्या वेळी फसफसलो नाही.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो.

मॅडमची एक प्रथा होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरांनी फराळ आणायचा नाही, आपापल्या गावचा एक दगड आणायचा. प्रत्येक दगडावर गावाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी. "दगडासाठी फिरायले मी एकटी किती पुरणार? तुमचे पाय कामाले लावते," असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी सुट्टीनंतर तपासणी समिती येणार असल्याची वार्ता आली, आणि प्रयोगशाळा स्वच्छ दिसावी म्हणून मी सगळे दगड साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासून काढले. दगड लखलखीत झाले. चिकटपट्ट्या सुटल्या. मॅडम आल्या तेव्हा गावंच्या गावं बादलीत तरंगत होती.

मॅडमनी एक चिकटपट्टी उचलली. तिच्यावरची शाई धुऊन गेली होती.

"तू दगडायले अनाथ केलं," त्या म्हणाल्या.

बऱ्याच पोरांनी आपापले दगड ओळखून दिले. ज्यांना वाली मिळाला नाही ते एका टोपलीत राहिले, आणि शिक्षा म्हणून ते ओळखायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकावर ओरखडा काढून बघ, प्रत्येकावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाक, काय होतं ते मला सांग. एक थेंब. मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

पहिल्या काही दगडांपर्यंत मी थेंब-थेंब टाकला. मग कंटाळा आला. टोपलीत सुपारीपेक्षा थोडा मोठा, पांढरट, पापुद्र्यांचा एक तुकडा होता. मी विचार केला, थेंब टाकत बसण्यापेक्षा दगडच आम्लात टाकला तर एकदम मोठी फसफस बघायला मिळेल. बीकर भरलं, तुकडा सोडला. काही नाही. एक बुडबुडा नाही. मी बीकरला कान लावला. शांत. असला ढ दगड मी जन्मात बघितला नव्हता. त्याला तसाच ठेवून जेवायला गेलो, जेवून कॅन्टीनमध्ये गप्पा मारल्या, आणि आलो तर बीकरमध्ये दगड नाही.

मी टेबलाखाली बघितलं. खिडकीबाहेर बघितलं. स्वतःच्या डब्यातही बघितलं, आणि तेवढ्यात मॅडम आल्या.

"काय शोधून राह्यला?"

"मॅडम, चोरी झाली."

"कायची?"

"दगडाची."

"कोळशाच्या जिल्ह्यात कोळसा सोडून दगड कोण चोरते?"

मी बीकर दाखवलं. तळाशी काळे चार कण आणि हिरवट भुकटी होती, बाकी नितळ पाणी. नितळ पाणी बघून मी ते बेसिनकडे न्यायला लागलो, तर मॅडमनी माझं मनगट असं धरलं की थराच्या आतला जोड किती पक्का असतो ते मला पुन्हा कळलं.

"याच्यात दगड टाकला होता?"

"हो."

"अख्खा?"

"हो."

"बुडबुडे किती आले?"

"एकही नाई मॅडम. म्हणून तर मले वाटलं, हा दगड ढ आहे."

"खरं सांग. एकही नाई?"

"मी कान लावून ऐकलं."

मॅडम स्टुलावर बसल्या. मी शिव्या ऐकायची तयारी केली, म्हणजे मान खाली आणि पाय दाराकडे. पण त्या स्वतःशीच बोलत होत्या. "चुनखडी असती तर उकळली असती. अभ्रक आम्लाले भीक घालत नाई. शंखजिरं नाई विरघळत. जिप्सम इतका लवकर जात नाई. पापुद्र्याचा होता म्हणतो... आणि गेला. चुपचाप गेला." मग मान वर केली. "भोजराज, तुले समजते का तू काय केलं?"

"हो मॅडम. दगड खाल्ला."

"अरे, तू दगड खाल्ला म्हणून तर तो ओळखू आला! एक थेंब टाकला असता, बुडबुडा नाई म्हणून बाजूले ठेवून देला असता तू. तुझ्या आळसानं त्याचं नाव सांगितलं!"

आयुष्यात माझ्या आळसाचं कौतुक एकदाच झालं, ते असं.

मॅडमनी बीकरमधलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडत गेल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग नळीत पांढरे, कापसासारखे ढग उतरायला लागले. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. गेलेला परत आला होता.

"मॅडम, सापडला!" मी नाचलो. "हाच गाळून, वाळवून कप्प्यात ठेवू!"

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझा नाच हवेतच थांबला.

"हा कोण केला?"

"आपण."

"मेडिकलच्या बाटलीत भेटते तो हाच. खनिज म्हणजे मातीनं आपल्या हातानं केलेलं. कार्डावर काय लिहिलं आहे? सापडण्याचं ठिकाण. काय लिहू पुढे, भोजराजचं बीकर?"

मला ते वाचायला आवडलं असतं.

आता पुराव्यापुरता दगड होता आणि दगड नव्हता. कोणाचा, कुठल्या गावचा, ते मीच साबणाने धुऊन टाकलेलं. मॅडमनी मला समोर बसवून वर्णन विचारलं.

"रंग?"

"पांढरा."

"किती पांढरा?"

"माझ्या बनियनइतका."

"म्हणजे पांढरा नव्हता. वाकत होता?"

"एक पापुद्रा सुटला होता. मी वाकवला. तो तसाच राह्यला, तर मी बोटानं सरळ केला."

"सरळ काऊन केला!"

"मले वाटलं, माझ्यानं खराब झाला."

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळे ओढणीला पुसावे लागले.

पुढच्या आठवड्यात सुनंदा मडावी आली. दिवाळीनंतर दगड देऊन गेली ती टायफॉइडने घरीच होती, म्हणून ओळखपरेडला नव्हती. दारात उभी राहून तिने टोपलीत डोकावलं.

"भोजराजभाऊ, माझा दगड दिसत नाई. पापडीचा."

मी म्हणालो, "पापडीचा म्हणजे?"

"पांढरा होता. आमच्या गावच्या नाल्यात भेटते. लहान पोरी भातुकलीत त्याचे पापड करतात. पापुद्रा काढते, थोडा वाकवते, भाजल्या पापडासारखा वाकडा राहते तो." मग हसून, "माझ्या बहिणीनं एकदा खरंच चुलीत टाकला होता. पीठ झालं पांढरं."

माझ्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मॅडमच्या हातातला डस्टर होता.

"तापवला का पाणी सोडते आणि पीठ होते," त्या पुटपुटल्या. "सुनंदा, त्या नाल्यात काळा दगड आहे का? पांढऱ्याले चिरत जाणारा?"

"आहे ना. त्याच्यावर तर आम्ही कपडे आपटतो."

"आणि मॅडमचा प्रश्न दरवर्षी ऐकून तू बोलली नाई?" मी फसफसलो.

"मॅडम ब्रुसाइट म्हणत होत्या," सुनंदा म्हणाली. "पापडी म्हणत नव्हत्या."

परीक्षा आटोपल्यावर आम्ही तिघं निघालो. अहेरीपर्यंत यस्टी, पुढे जीप, आणि शेवटी पायी. मोहफुलं पडायचे दिवस होते, जंगलभर तो गोड वास. मॅडमचं वय त्या दिवशी कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. ओढणी कमरेला खोचलेली, हातात हातोडी, पुढे त्या, मध्ये सुनंदा, आणि फार मागे पाण्याचं ओझं घेऊन मी.

नाला कोरडा होता. एका काठाला पांढरा दगड, त्यातून सरळ वर गेलेली काळी भिंत. मॅडम काळ्या-पांढऱ्याच्या शिवेवरून वाकून चालायला लागल्या. खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली. सुनंदा म्हणाली, "इथीच कुठी होतं मॅडम, पण पुरानं माती आणली वाटते." ऊन वाढलं. मॅडम हातोडी मारत, फुंकर घालत, पुढे जात. त्यांचं बोलणं बंद झालं. मॅडमचं बोलणं बंद होणं ही चांगली खूण नव्हे. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी मदत करायची सोडून काठाच्या सावलीला टेकून बसलो आणि सुनंदाच्या आईने दिलेली भाकर सोडली.

"खाऊन राह्यला?" मॅडमचा थकलेला आवाज आला.

"तुमच्यासाठी ठेवली आहे मॅडम," मी खोटं बोलत उठलो आणि भाकर लपवायला पाठ फिरवली.

"भोजराज. हालू नको."

मला वाटलं साप. मी डोळे मिटले.

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. घामाने भिजलेल्या माझ्या शर्टाला पाठभर पांढरे पापुद्रे चिकटले होते आणि उन्हात मोत्यांसारखे चमकत होते. माझी पाठ इतक्या प्रेमाने याआधी कोणी बघितली नव्हती, यानंतरही नाही. मी टेकलो होतो तिथेच, मातीखाली, हातभर लांबीची नस होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. ओढणीने माती पुसली, नखाने एक पापुद्रा सोडवला. अंगठ्याने वाकवला. सोडला. पापुद्रा वाकलेलाच राहिला. मग पर्समधून आम्लाची छोटी बाटली काढली. एक थेंब बाजूच्या पांढऱ्या दगडावर, तो फसफसला. एक थेंब पापुद्र्यावर.

आम्ही तिघं श्वास धरून ऐकत होतो. काही ऐकू आलं नाही. इतकं सुंदर 'काही नाही' मी पुन्हा ऐकलेलं नाही.

आणि मग शमीम मॅडम ओरडल्या. जंगलातलं पाखरू न् पाखरू उडालं. मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या टाकून धावत आल्या, मागून सुनंदाचे वडील मडावीभाऊ आले.

"काय निघालं बाई, सोनं?"

"सोन्याचं काय घेऊन बसले भाऊ, सोनं तर कुठीही निघते!"

मडावीभाऊ हसले नाहीत. नाल्याकडे बघत म्हणाले, "मंग आता मशिनी येतील का इथी?"

मॅडम एकदम गंभीर झाल्या. उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "हातभर नस आहे भाऊ. याची खाण होत नाई. मी एक मूठ नेते, बाकी पोरींच्या पापडाले राहू द्या." आणि त्यांनी खरंच मूठभरच घेतलं. मी शर्ट झटकायला गेलो तर माझ्यावर ओरडल्या, "झटकू नको, तो नमुना आहे!" परतीच्या प्रवासात मला जीपमध्ये पाठ टेकू दिली नाही.

तुकडा नागपूरला साहेबांकडे गेला. त्यांनी तो क्ष-किरणांच्या यंत्रात घातला आणि निरोप समारंभाला स्वतः आले. सभागृहात भाषणं सुरू व्हायच्या आधी ते सरळ कपाटापाशी गेले. आम्ही सगळे मागे. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि रिकामा कप्पा पुसला, चारही कोपरे, हळूहळू. पोरांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की प्राचार्यांच्या हातातला कबड्डीचा कप थरथरला.

"मॅडम, माझं चुकलं," साहेब म्हणाले.

"तुमचं चुकलं नाई साहेब," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फिरले नाई. आमच्या पोरायले सांगा, ते फिरतात."

त्यांनी सुनंदाला पुढे बोलावलं आणि कार्डावर लिहायला पेन तिच्या हाती दिला. सापडण्याचं ठिकाण. सुनंदाने आपल्या गावाचं नाव लिहिलं, नीट, मोठ्या अक्षरात. मॅडमनी तुकडा कप्प्यात ठेवला. ठेवताना वरचा एक पापुद्रा त्यांच्या अंगठ्याखाली आला. सवयच ती. त्यांनी तो वाकवला आणि सोडला.

संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. त्यांच्या पिशवीत हातोडी, पोरांनी दिलेली शाल, आणि माझा तो शर्ट. तो त्यांनी मागून घेतला होता, धुऊ नको म्हणून बजावून. कंडक्टर पिशवी उचलून म्हणाला, "बाई, आजही दगडच का?" मॅडम म्हणाल्या, "आज निस्ता शर्ट आहे. पण सांभाळून." खिडकीत बसून त्यांनी तिकीट हातात घेतलं. मी खालून बघत होतो. तिकीट वाकवलं, सोडलं, सरळ झालेलं बघून नाक मुरडलं आणि मला ओरडून सांगितलं, "अभ्रक!" कोळशाचे ट्रक मध्ये आले, बस राजुऱ्याकडे वळली.

कपाट आता नव्या इमारतीत आहे. काच पुसायचं काम अजून माझ्याकडेच. आतल्या कशालाही हात लावायचा नाही, हे एवढं मी शिकलो आहे. मधल्या कप्प्यात तो वरचा पापुद्रा अजून तसाच आहे, बरोबर एका अंगठ्याएवढा वाकलेला. अभ्रक असता तर त्याच संध्याकाळी सरळ झाला असता.